घसरण्याची तयारी

जोडवी निघता निघेनात. टबाच्या काठावर बसून पाय कोमट पाण्यात सोडले होते, साबण लावून झाला होता, खोबरेल तेल लावून झालं होतं. लग्नाला २४ वर्षं झाली. मधे एकदा डाव्या पायातलं एक झिजून तुटलं, तेव्हा मिरजेहून तसंच दुसरं मागवलं; ते येईपर्यंतचे दिवस सोडले तर ही बोटं कधी रिकामी राहिली नाहीत. शेवटी चमच्याच्या दांड्याने फट जराशी रुंदावली आणि जोडवी ओंजळीत आली. बोटांवर पांढरट, मऊ, आत दबलेलं एकेक कडं उरलं. मी कितीतरी वेळ त्यावरून अंगठा फिरवत बसले.

कारण होतं फिगर स्केटिंगचे बूट. वयाच्या ४९ व्या वर्षी मी बर्फावर स्केटिंग शिकायला नाव घातलं होतं.

मी कॅनडात, ओटावात राहते. इथे शहराच्या मधोमध रिडो कालवा आहे. हिवाळ्यात तो गोठला की त्यावर ७.८ किलोमीटर लांबीचा बर्फाचा रस्ता होतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे चालू आहे. लोक पाठीला सॅक अडकवून त्यावरून ऑफिसला जातात, आया बाबागाड्या ढकलत जातात, मधल्या टपऱ्यांवर थांबून दालचिनी-साखर भुरभुरलेलं गरम बीव्हरटेल, म्हणजे तळलेली लांबट पोळी, खातात. मी हे सगळं १६ हिवाळे काठावरून पाहिलं. खरं तर स्केटिंगशी माझा संबंध फार जवळचा होता. लेक पाच वर्षांची असल्यापासून शनिवारी सकाळी तिला कॅनस्केटच्या, म्हणजे इथल्या नवशिक्यांच्या स्केटिंगच्या, वर्गाला न्यायचं, रबरी फरशीवर गुडघे टेकून तिचे बूट बांधायचे, आणि मग थर्मास घेऊन थंडगार बाकावर तासभर बसायचं. एकेक पायरी पार झाली की रिबन मिळायची, बिल्ला मिळायचा. ते सगळे अजून तिच्या खोलीतल्या फळीवर आहेत. काचेपलीकडे काय शिकवतात ते मला तोंडपाठ होतं. माझे स्वतःचे पाय मात्र कायम बाकाखालीच.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात बर्फ पुरेसा जाड झालाच नाही आणि कालवा अख्खा हंगाम बंद राहिला. असं पहिल्यांदाच घडलं. त्या फेब्रुवारीत मी पुलावर उभी राहून खालचं काळपट पाणी पाहत होते, आणि इतकी वर्षं आपण 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत आलो ते कशाच्या भरवशावर, असं मनात आलं. त्यानंतर लेक शिकायला हॅलिफॅक्सला गेली, शनिवार रिकामे झाले, आणि एका संध्याकाळी मी मोठ्यांच्या नवशिक्या वर्गाचा फॉर्म भरून टाकला.

वर्ग सुरू व्हायला पाच आठवडे होते. हा लेख त्या पाच आठवड्यांचा आहे. आधी माझी समजूत अशी होती की तयारी म्हणजे खरेदी. वर्गाकडून यादीही तशीच आली: हेल्मेट हॉकीचं हवं, सीएसएचा, म्हणजे इथल्या मानक संस्थेचा, शिक्का असलेलं, सायकलचं चालणार नाही. हातमोजे. पातळ मोजे, जाड लोकरीचे नकोत. कपडे एकावर एक घातलेले, ताणले जाणारे. जीन्स नको, कारण ती ओली झाली की ताठ होते. गळ्यात लोंबणारं काही नको. हे सगळं अर्ध्या तासात झालं. उरले बूट.

बूट मी आधी घरबसल्या मागवले होते, आणि तिथे माझं संस्कारी मन आड आलं. आमच्या लहानपणी शाळेचे बूट वाढत्या मापाचे घेत. पुढे कापसाचा बोळा कोंबायचा, वर्षभरात पाय तिथवर पोचतो. रोजचा माझा नंबर ८, म्हणून मी स्केटही ८ चेच घेतले, वर जाड मोजा. दालनात भिंतीला धरून उभी राहिले तर दोन्ही घोटे आत कलले. पाय बुटात असे फिरत होते, जसा तांब्यात चमचा. लेकीला व्हिडिओ कॉल लावला. तिने दोन सेकंद पाहिलं आणि म्हणाली, "आई, परत पाठव. आणि कुणाकडून तरी पाय मोजून घे."

तर मी पाय मोजून घ्यायला गेले. दुकान लहानसं, आणि मापं घेणारे आजोबा सत्तरीच्या पुढचे. त्यांनी मला मोजे काढून कोऱ्या कागदावर उभं केलं आणि पेन्सिलीने दोन्ही पावलं भोवताली गिरवली. मग बसवून पुन्हा मापलं, कारण वजन पडलं की पाऊल पसरतं. टाचेची रुंदी, चवड्याची रुंदी, कमानीची उंची. माझा डावा पाय उजव्यापेक्षा जरासा लांब आहे हे मला तेव्हा कळलं. अंगाला ब्लाउजची, ड्रेसची मापं आयुष्यभर घेतली गेली. पायांना इतक्या आस्थेने कुणी हात लावल्याचं मला आठवत नव्हतं. मला ते फार हलवून गेलं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

त्यांनी जोडव्यांकडे पाहिलं आणि अगदी हळुवारपणे विचारलं, की ही काढता येतात का. फिगर स्केटचा बूट इतका अंगाबरोबर बसतो की मधे धातू असला तर तो शेजारच्या बोटात रुततो. मी म्हटलं, उद्या येते.

घरी येऊन आईला फोन केला. विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. मिरजेत तेव्हा पहाट होती, ती दूध तापवत होती. मी इकडचं तिकडचं बोलून शेवटी सांगितलं. ती जरा थांबली. मग म्हणाली, "अगं, तुझ्या वेळेला सातव्या महिन्यात माझे पाय असे सुजले की कासाराला बोलवून कापून काढायला लागली होती. देवाजवळ वाटीत ठेवली, तू झाल्यावर परत घातली. ठेव तूपण." आणि लगेच, "पण तू पडू नको हं."

पडायचं कसं, हेच पहिल्या दिवशी शिकवतात हे मी तिला सांगितलं नाही. जोडवी देव्हाऱ्यातल्या चांदीच्या वाटीत ठेवली, कुंकवाच्या कोयरीशेजारी.

साडेसहा नंबरचा बूट बसला. रोजच्यापेक्षा दीड नंबर लहान. बोटांची टोकं पुढे जेमतेम शिवतात, आणि गुडघे वाकवले की ती किंचित मागे सरतात. टाच उचलू पाहिली तर आतल्या आत हलत नाही. आजोबांनी नाडी बांधून दाखवली: बोटांवर सैल, पाय जिथे दुमडतो त्या खळग्यात सगळ्यात घट्ट, वरच्या हुकांपाशी पुन्हा सैल. वर घट्ट आवळलं की घोटा पुढे झुकत नाही आणि घोटा झुकला नाही तर गुडघा वाकत नाही. मला आजीचा नऊवारी काष्टा आठवला. तोही कुठे आवळायचा आणि कुठे मोकळा सोडायचा हे जिला कळलं ती त्यात शेतात वाकायची, विहिरीवरून पाणी ओढायची, झाडावरही चढायची.

मग त्यांनी पातं पुढे केलं, आणि मी ते पाहून चकित झाले. इतकी वर्षं लेकीचे स्केट पुसले पण असं हातात घेऊन कधी पाहिलं नव्हतं. फिगर स्केटचं पातं म्हणजे आपली विळी आहे. कणाकणाने वर वळत जाणारं लांब पातं आणि टोकाला दाते, थेट खवणीचे. खवणीच्या दात्यांनी नारळ खवायचा, या दात्यांनी बर्फ पकडून उडी घ्यायची. नवशिक्याने त्या दात्यांकडे बघायचंही नाही. त्यांच्यावर जोर देऊन पुढे ढकलायला गेलं की ते बर्फात अडकतात आणि माणूस तोंडावर पडतो.

सुरीला असते तशी या पात्याला एक धार नसते. ते साधारण ४ मिलिमीटर जाड असतं आणि तळाला लांबीभर एक पन्हळ कोरलेली असते, अर्धा इंच त्रिज्येच्या वर्तुळाचा लहानसा तुकडा असावा तशी. त्या पन्हळीच्या दोन काठांना दोन धारा, एक आतली, एक बाहेरची. शिवाय पातं लांबीतही सपाट नसतं, सात-आठ फूट त्रिज्येच्या वर्तुळाच्या कमानीसारखं हलकं वळलेलं असतं. म्हणजे सबंध पातं कधीच बर्फाला टेकत नाही, टेकतो तो त्याचा छोटासा तुकडा. नव्या पात्याला बहुधा धार नसते, ती दुकानात लावून घ्यावी लागते. आजोबांनी दगडावरून पातं एकाच दिशेने, श्वास रोखून, सात-आठ वेळा ओढलं. मग माझं नख त्या धारेवरून आडवं फिरवलं. नखाची पांढरी भुकटी निघाली. धार झाली म्हणायची ही खूण. आमच्या गल्लीत सायकलचं मागचं चाक उचलून त्यावर सहाण फिरवणारा धारवाला यायचा, तोही विळीला धार लावली की नखावरच बघायचा.

धार लावता लावता ते तरुणपणीचं बोलत होते. त्यांच्या वेळी स्केटिंग म्हणजे मुख्यतः आकृत्या. फिगर स्केटिंगमधलं 'फिगर' तेच. स्वच्छ बर्फाची एक पट्टी प्रत्येकाला मिळायची, तिला पॅच म्हणत. पहाटे त्यावर एका पायाने वर्तुळ काढायचं, मग दुसऱ्या पायाने त्याला लागून दुसरं, असा इंग्रजी आठाचा आकडा. आणि मग त्याच रेघेवरून पुन्हा, पुन्हा. परीक्षक वाकून, गुडघ्यावर बसून त्या रेघा बघत. १९९० च्या जागतिक स्पर्धेनंतर मोठ्या स्पर्धांतून या आकृत्या गेल्या. ती स्पर्धा हॅलिफॅक्सला झाली होती. मी म्हटलं, माझी लेक तिथेच शिकते. त्यांनी मान वर केली आणि एवढं छान हसले.

मला त्या आकृत्या जाण्याचं वाईट वाटतं, हे इथे लिहूनच टाकते. उड्या टीव्हीवर सुंदर दिसतात, मान्य. पण एकच रेघ पुन्हा पुन्हा गिरवण्यात माणसाचं जे रूप दिसतं ते उडीत दिसत नाही. पाटीवर गिरवून अक्षर आलेल्या आमच्या पिढीला ते सांगावं लागत नाही.

खरी तयारी इथून पुढे सुरू झाली आणि ती पैसे देऊन होणारी नव्हती. बूट मऊ पडावेत म्हणून पात्यांना प्लॅस्टिकची गार्ड लावून रोज वीस मिनिटं घरात घालायचे. मी संध्याकाळी पोळ्या करताना घालायला लागले. ओटा एकदम खाली गेला. लाटताना सवयीने मी टाचांवर भार टाकून मागे रेलते हे मला पहिल्यांदा जाणवलं, कारण या बुटात मागे रेललं की तोल जातो. गुडघे जरा वाकवले, भार पावलाच्या मध्यावर आणला, की लाटणं हलकं चालतं. नवरा दारात उभा राहून पाहत होता. म्हणाला, "तू उंच दिसतेस." पोळी तव्यावर टाकून मी तशीच उभी राहिले, गुडघे वाकवून.

दुसरं, उकिडवं बसणं. आजी विळीवर तासन्‌तास बसायची, एक गुडघा वर, एक मुडपलेला, आणि तिथून कुठेही हात न टेकता उठायची. मी करून पाहिलं तर टाचा जमिनीला टेकेनात. २० वर्षं खुर्चीत बसून घोटे आखडले होते. लेक म्हणाली, स्केटिंगला घोटा पुढे वाकणं हेच सगळं आहे. मग रोज दाराची चौकट धरून खाली बसायला लागले. तिसऱ्या आठवड्यात टाचा टेकल्या. दात घासताना एका पायावर उभं राहायचं: उजव्यावर जमायचं, डाव्यावर आठ आकडे मोजेपर्यंत पाय खाली. पाचव्या आठवड्यात डाव्यावर चाळीसपर्यंत गेले. आणि पलंगावरून खाली अंथरलेल्या गादीवर, कुशीवर पडायचं. खुर्चीत बसल्यासारखं आधी खाली जायचं, मग एका बाजूला मांडीवर, हनुवटी छातीशी, मुठी मिटलेल्या. हात मागे टेकवायचा नाही, मनगट मोडतं. ऐकायला सोपं वाटतं. पण पडताना हात टेकवायचा नाही हे हाताला समजावणं फार अवघड आहे.

याच दिवसांत मला एक भाषेची अडचण आली. लेक सारखी म्हणायची, "आई, जस्ट ग्लाइड." मी मनातल्या मनात त्याला मराठी शब्द शोधायची, कारण शरीराला सूचना देताना माझी भाषा अजून मिरजेचीच असते. आणि शब्द सापडेना. घसरणं? मराठीत चांगल्या अर्थाने घसरतं तरी काय? पाय घसरतो म्हणजे काय होतं हे सांगायला नको. जीभ घसरते, मार्क घसरतात, भाव घसरतात, गाडी रुळावरून घसरते. सरकणं म्हणावं तर त्यात दुसऱ्याला जागा करून देणं आहे, जरा सरकून घ्या. घरंगळणं गोट्यांचं. तरंगणं पाण्याचं. विहरणं फक्त पुस्तकातलं. एकटी घसरगुंडी तेवढी आनंदाची, आणि ती आपण बालवाडीच्या अंगणात सोडून येतो.

हा नुसता शब्दांचा खेळ नव्हता. पावसाळ्यात आमच्या परसात फरशीवर शेवाळ धरायचं. मोरीतून घागर घेऊन येताना आई ओरडायची, बोटं रोवून चाल. आणि आम्ही बोटं रोवून चालायचो. ती सवय पायांत इतकी भिनली आहे की स्केट घालून नुसती उभी राहिले तरी माझी बोटं आत मुडपून बुटाचा तळ धरायची. दहा मिनिटांत तळव्यात गोळा यायचा. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, सगळ्या नवशिक्यांचं हे होतं, बोटं सोड. बोटं सोड! रात्री झोपताना मी पाय ताणून बोटं एकेक करून पसरायची. रिकाम्या झालेल्या बोटांवरचं ते पांढरं कडं तोवर आजूबाजूच्या रंगात मिसळायला लागलं होतं.

वर्गाच्या दिवशी मी पाऊण तास आधी पोचले. त्याच रबरी फरशीच्या खोलीत बसून, इतकी वर्षं दुसऱ्याचे बांधले तसे स्वतःचे बूट बांधले. बोटांवर सैल, खळग्यात घट्ट, वर सैल. बाहेर झांबोनी फिरत होती. हे यंत्र बनवणारा फ्रँक झांबोनी कॅलिफोर्नियातला, त्याचं पहिलं यंत्र १९४९ चं. ते बर्फाचा खरवडलेला थर तासून काढतं आणि मागून गरम पाण्याचा पातळ थर सोडतं. गरम पाणी जुन्या बर्फाचा वरचा पापुद्रा वितळवून त्याच्याशी एकजीव होतं, म्हणून सहसा थंड वापरत नाहीत. शाळेत आम्हाला पुनर्हिमायन शिकवताना सांगितलं होतं की स्केटच्या दाबाने बर्फ वितळतो आणि म्हणून माणूस घसरतो. ते पुरेसं नाही. माणसाच्या वजनाने वितळणबिंदू थोडासाच खाली येतो, आणि लोक तर उणे पंधरालाही कालव्यावर मजेत स्केटिंग करतात. बर्फाच्या अगदी वरच्या थरातले रेणू खालच्यांसारखे घट्ट बांधलेले नसतात, ते मुळातच सैल, पाण्यासारखे असतात. मायकेल फॅरेडेने १८५० मध्येच हे सुचवलं होतं. त्यात पात्याच्या घर्षणाची ऊब मिसळते. काचेपलीकडचा तो ओला, चकाकणारा पृष्ठभाग पाहताना मला याचा मोठा धीर आला. बर्फाचीही बोटं सोडलेली असतात.

आम्ही सात जण होतो. निम्मे तरी बर्फ न पडणाऱ्या देशांतून आलेले. कोच माझ्या लेकीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने पहिल्यांदा गार्ड काढलीत का ते प्रत्येकाचं पाहिलं, मग कठड्याशी उभं करून गुडघे वाकवायला लावले, आणि मग म्हणाली, आता पडा. मी खाली बसले, कुशीवर गेले, मुठी मिटलेल्या. हात टेकला नाही. बर्फ गादीपेक्षा कठीण होता पण भीती वाटली होती तेवढा नाही. रांगायच्या स्थितीत यायचं, एक पाऊल दोन हातांच्या मधे, दोन्ही हात त्या गुडघ्यावर, आणि वर. पाच वेळा पडलो, पाच वेळा उठलो. पाचव्यांदा उठताना माझी टाच बर्फावर टेकलेली होती, आणि मला आजीचं विळीवरून उठणं आठवलं.

मग कठड्यापासून दूर, जागच्या जागी पावलं. मग पुढे पावलं, आठ, दहा. मग कोच म्हणाली, आता पावलं थांबवा, दोन्ही पाय समांतर ठेवा, आणि काही करू नका.

मी पावलं थांबवली. बोटं मुडपलेली होती. मी त्यांना सोडलं. पाचही, दोन्ही पायांची. आणि खालचा बर्फ हलायला लागला. मी काही करत नव्हते आणि तरी कठडा माझ्या बाजूने मागे चालला होता, जाहिरातींचे फलक मागे चालले होते, कानाला थंड वारा लागत होता. साताठ फूट असेल. फार तर दहा. मग वेग संपला आणि मी उभी राहिले, उभीच.

वळून पाहिलं. झांबोनीने नुकत्याच गुळगुळीत केलेल्या बर्फावर माझ्यामागे रेघा उमटल्या होत्या. पातं सरळ उभं असलं की त्याच्या दोन्ही धारा टेकतात, म्हणून प्रत्येक पायामागे बारीक अशा दोन दोन, शेजारी शेजारी, सारख्या अंतराने. दुरेघी. पहिलीत ज्या दुरेघी वहीत 'ग' आणि 'म' गिरवले, अगदी तशी कोरी दुरेघी. डावीकडची शेवटी शेवटी थोडी वाकडी गेली होती.

वळायचं अजून शिकवलं नव्हतं. मी लहान लहान पावलं टाकत अर्ध्या गोलात फिरले आणि त्या रेघा जिथून सुरू झाल्या होत्या तिथे, त्यांच्या शेजारी, पुन्हा जाऊन उभी राहिले.